वाडन समुद्रावर बारा तास

हॉलंडमध्ये राहायला आल्यापासून आम्ही घड्याळाचे गुलाम झालो आहोत. १०:३२ ची गाडी १०:३२ लाच सुटते आणि कॉफीचं आमंत्रणसुद्धा दोन आठवडे आधी डायरीत लिहावं लागतं. पण मंडळी, याच देशात एक जागा अशी आहे की जिथे घड्याळ चंद्राला विचारून लावतात. ती जागा म्हणजे उत्तरेचा वाडन समुद्र. आणि तिथे आपल्या 'पाच मिनिटांत निघतोच' या सवयीची किंमत काय पडते, ते आम्ही सहकुटुंब अनुभवलं.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी अण्णा उन्हाळ्यात आमच्याकडे आले होते. अण्णांचं बालपण जयगडच्या खाडीकाठी गेलेलं. नुकतीच नारळी पौर्णिमा झाली होती आणि समुद्राला नारळ देता आला नाही म्हणून ते जरा खट्टू होते. आमचे शेजारी, ज्यांना आमची मुलं ओपा म्हणतात, त्यांची जुन्या पद्धतीची सपाट बुडाची शिडाची बोट आहे. ते म्हणाले, "चला, तुमच्या वडिलांना खरा समुद्र दाखवू." अण्णांनी टोकोमधून आणलेला नारळ पिशवीत टाकला आणि आम्ही निघालो.

आयसलमेरमधून वाडन समुद्रात शिरायचं तर आफ्स्लाउटडाइक ओलांडावा लागतो. हा ३२ किलोमीटरचा बांध १९३२ साली पुरा झाला आणि झाउडरझे हा समुद्र कायमचा बंद होऊन त्याचं गोड्या पाण्याचं तळं झालं. कॉर्नवेर्डरझांडच्या जलद्वारांना लॉरेन्ट्स यांचं नाव आहे. हेन्ड्रिक लॉरेन्ट्स हे १९०२ चे पदार्थविज्ञानातले नोबेल मानकरी. समुद्राचं तोंड बंद केलं तर बाहेरची भरती किती चढेल, हे ठरवण्यासाठी १९१८ साली सरकारने त्यांना समितीचं अध्यक्ष केलं. आठ वर्षं कागदावर आकडेमोड करून, फ्रीसलंडच्या किनाऱ्यावर भरती चढेल आणि तिथले बांध उंच करावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. बांध झाल्यावर त्यांचं गणित बरोबर निघालं, पण ते बघायला लॉरेन्ट्स नव्हते. १९२८ मध्येच ते वारले होते. हे ऐकून अण्णा बांधाकडे बघत म्हणाले, "पाण्याचा हिशेब करायला एवढा मोठा माणूस बसवला, म्हणजे हे लोक पाण्याला भितात. शहाणे आहेत."

पलीकडे गेलं की खारा वास येतो आणि देशाचा नूरच बदलतो. टेक्सल, फ्लीलांड, टेर्स्खेलिंग, आमेलांड, स्खीरमोनिकोख अशी बेटांची माळ बाहेर, जमीन आत, आणि मधे हा उथळ समुद्र. भरतीला सगळीकडे पाणीच पाणी, तर ओहोटीला मैलोन् मैल चिखल, वाळू आणि मधून वाहणारे ओहोळ. २००९ पासून डच आणि जर्मन वाडन जागतिक वारशाच्या यादीत आहे. वाळू सारखी सरकत असल्यामुळे कालची वाट आज असेलच असं नाही. म्हणून मोठ्या वाटांवरच्या बोया हलवाव्या लागतात आणि जुना नकाशा भरवशाचा राहत नाही. लहान वाटांच्या कडेने चिखलात चक्क झाडांच्या फांद्या रोवलेल्या असतात. त्यांना म्हणतात प्रिकन. आपल्याकडे मच्छीमार खाडीत खुंट रोवतात ना, तसंच काहीसं!

पहिली रात्र टेर्स्खेलिंगच्या बंदरात काढली. डोक्यावर १५९४ चा ब्रांडारिस दीपस्तंभ फिरत होता. दुसऱ्या दिवशी बेटाच्या मागून आमेलांडला जायचं होतं. इथेच खरी मेख आहे. प्रत्येक बेटाच्या दोन्ही टोकांकडून भरती आत येते आणि बेटाच्या पाठीमागे दोन्ही पाणी एकमेकांना भेटतात. तिथे प्रवाह थांबतो, गाळ खाली बसतो आणि उंचवटा तयार होतो. त्याला डचांचा शब्द आहे 'वान्टाय'. तो भरतीलाच ओलांडायचा, आणि तोही पाणी चढत असताना. चढत्या पाण्यात बोट टेकली तर पाणीच उचलून देतं, उतरत्या पाण्यात टेकली तर तिथेच मुक्काम.

भरती दुपारी अडीचला होती. साडेअकराला निघायचं, असं ओपांनी रात्रीच बजावलं होतं. वारा पूर्वेचा होता, आणि पूर्वेचा वारा वाडनचं पाणी बाहेर ढकलतो, तेव्हा कोष्टकापेक्षा पाणी कमीच असणार, हेही सांगितलं होतं. आम्ही काय केलं? सगळ्यांसाठी पोहे! मग चहा, मग धाकटीचा सापडेना तो बूट. ओपांनी तीनदा घड्याळ पाहिलं, पण पाहुण्यांना बोलायचं कसं म्हणून गप्प राहिले. निघालो तेव्हा सव्वाबारा वाजून गेले होते.

वान्टायवर पोचलो तेव्हा भरती ओसरायला लागून वीस मिनिटं झाली होती. ओपांच्या हातात पट्ट्यापट्ट्यांची काठी होती. एक मीटर, नव्वद, पंच्याऐंशी... आमच्या बोटीला ऐंशी सेंटिमीटर पाणी लागतं. खालून एक मऊ धक्का बसला आणि बोट थांबली. इंजिन मागे घेऊन पाहिलं, आम्ही सगळे एका बाजूला जाऊन उभे राहिलो. बोट ढिम्म.

धोका नव्हता. या बोटी सपाट बुडाच्याच असतात, चिखलावर सरळ बसाव्यात म्हणून. ओपांनी रेडिओवरून ब्रांडारिसला कळवलं, टेकलो आहोत, सगळे ठीक, मदत नको. पण त्यांचा चेहरा काही उजळला नाही. अण्णांनी विचारलं, "आज तिथी कुठली?" आम्हाला कुठली आठवायला! त्यांनी बोटांवर मोजलं. वद्य पंचमी. "मग उधाण सरलं. भांगाकडे चाललंय पाणी. उद्याची भरती आजच्यापेक्षा कमी, परवाची त्याहून कमी."

आम्ही भाषांतर केलं आणि ओपांनी मान डोलावली. त्यांना हीच काळजी होती. इथलं मोठं उधाण पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी येतं, मग पाणी रोज थोडं थोडं उतरत जातं. रात्री तीनच्या भरतीला बोट निघाली नाही, तर कदाचित अमावास्येपर्यंत तिथेच! अण्णांनी मुलांना तिथीची पाऊणपट करून मुंबईची भरतीची वेळ कशी काढतात ते शिकवलं. पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार. बंदर बदललं की वेळ बदलते, पण रोज पाऊण-एक तास उशीर इकडेही तसाच.

संध्याकाळी पाणी पार गेलं. आम्ही शिडीने समुद्राच्या तळावर उतरलो! पायाखाली अळ्यांनी काढलेल्या चिखलाच्या शेवया, शिंपले, लांब चोचींचे पक्षी, आणि दूर एका वाळूच्या दांड्यावर सील पहुडलेले. ओपांनी आणि आम्ही मिळून नांगर उचलला, चालत खोल ओहोळाच्या कडेपर्यंत नेला आणि तिथे पुरला. दोर बोटीपर्यंत आणला. "पाणी आलं की याच दोराने ओढायचं."

पोरं थालीपीठ खाऊन झोपली. सूर्य मावळल्यावर वारा पडला आणि मध्यरात्रीनंतर पश्चिमेचा सुटला. ओपांनी चिखलात एक काठी रोवून दुपारच्या पाण्याच्या खुणेला दोरा बांधला होता. बॅटरीच्या उजेडात आम्ही चौघं त्या दोऱ्याकडे डोळे लावून बसलो. अडीच वाजता पाणी दोऱ्याच्या चार बोटं खाली. पावणेतीनला दोन बोटं. तीनला दोरा भिजला. बोट जराशी हलली. ओपा एवढंच म्हणाले, "आता!" सगळ्यांनी मिळून दोर ओढला. आधी काहीच नाही, मग सरर्‌कन् बोट मागे सरकली आणि खोल पाण्यात डुलायला लागली. तिथेच उजाडेपर्यंत नांगरावर थांबलो.

सकाळी अण्णांनी नारळ काढला. समुद्रात काही टाकायचं नाही, असा ओपांचा नियम. अण्णांनी क्षणभर विचार केला, नारळ फोडला, पाणी समुद्राला वाहिलं आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. मग आम्ही ओपांची माफी मागितली. ते म्हणाले, "चूक माझी. मी साडेअकराला ओरडायला हवं होतं." त्या दिवशी दुपारी पाणी चढतं असतानाच आम्ही वान्टाय ओलांडला. पोहे आदल्या रात्रीच करून ठेवले होते!

आपल्यापैकी ज्यांनी वाडन पाहिला नसेल त्यांनी एकदा जाऊन यावं. स्वतःची बोट लागत नाही. हार्लिंगनहून फेरीबोट जाते, आणि जुन्या शिडाच्या बोटी नावाड्यासकट भाड्याने मिळतात. चार कुटुंबं मिळून गेलात तर परवडतं. चिखलातून बेटापर्यंत चालत जायचं असेल तर मात्र वाटाड्याशिवाय पाऊल टाकू नका. आणि नावाडी साडेअकरा म्हणाला, तर साडेअकरालाच निघा. गाडी चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी मिळते. भरती चुकली तर बारा तास बसावं लागतं, आणि तेही नशीब चांगलं असेल तर.