आपले बॉलर्स

भंडाऱ्यात रणजीवर बोलायला माणूस सापडणं कठीण. आयपीएल म्हणा, पानठेल्यावर गर्दी! रणजी म्हटलं की, "कोण खेळून राहिलं बे?" असो.

मला विदर्भाचं वेड लागलं ते बॉलर्समुळे. 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या आपल्या टीमला पहिली ट्रॉफी मिळाली 1 जानेवारी 2018 ला, इंदूरमध्ये. दिल्लीविरुद्ध रजनीश गुरबानीची हॅटट्रिक! त्याआधी सेमीफायनलला कर्नाटकच्या दुसऱ्या डावात 7 विकेट्स त्याच्याच, आणि आपण जिंकलो फक्त 5 रन्सनी... पुढच्या मोसमात फायनलला सौराष्ट्रच्या 11 विकेट्स आदित्य सरवटेने काढल्या.

आणि 2025 ची जामठ्याची फायनल? समोर केरळ, आणि त्यांच्याकडून बॉलिंग टाकतोय आपला सरवटे! दुसऱ्या डावात आपल्याच 4 विकेट्स घेतल्या पठ्ठ्याने. टाळी वाजवायची की नाही? (मी वाजवली. घरात कोणी नव्हतं.) मॅच ड्रॉ झाली, पण पहिल्या डावातल्या 37 रन्सच्या आघाडीवर ट्रॉफी आपली.

त्याची जागा हर्ष दुबेने भरली. तोही डावखुरा स्पिनर. त्या मोसमात 69 विकेट्स, आशुतोष अमनचा 68 चा विक्रम मोडून. त्यामुळे स्पिनची चिंता नाही. मला काळजी वेगाची. नळकांडे, भुते, यश ठाकूर मेहनती आहेत, पण वलनीच्या खाणकामगाराच्या पोराचा, उमेश यादवचा वेग काही औरच होता.

तरी पुढची ट्रॉफी लांब नाही असं वाटतं. फक्त उद्या हर्षनेही दुसऱ्या राज्याची कॅप घातली तर? तेवढं नको रे बाप्पा.