आधी लिही, मग बोल

पेट स्कॅन वाचायला मी आमच्या वरिष्ठ डॉक्टरांच्या, म्हणजे मॅडमच्या, हाताखाली शिकलो. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी पीएसएमए पेट तेव्हा नुकतंच येऊ लागलं होतं. या कॅन्सरच्या पेशींवर पीएसएमए नावाचं प्रथिन भरपूर असतं. त्याला जाऊन चिकटणारा किरणोत्सारी रेणू शिरेतून दिला की शरीरात रोग कुठे कुठे पोहोचला आहे ते पडद्यावर उजळून दिसतं. आधीच्या बोन स्कॅनला आणि सीटीला न दिसणारे बारीक ठिपके दिसू लागले, तसे आम्ही सगळे हरखून गेलो. मॅडम मात्र सावध झाल्या. जास्त दिसायला लागलं की जास्त चुकायलाही होतं, असं त्या म्हणायच्या.

त्यांची रीत साधी होती. स्कॅन आला की रेसिडेन्टने एकट्याने बघायचा, आपलं मत कागदावर लिहायचं, खाली वेळ टाकायची. त्याही आपलं मत लिहून कागद दुमडून कीबोर्डखाली सरकवायच्या. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलणं सुरू. मी उतावळेपणाने तोंड उघडलं की, ‘‘आधी लिही, मग बोल,’’ एवढंच.

आमच्याकडे मोठ्या डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटल्यावर धाकट्याला तिथे काही दिसेनासं होतं. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरोखरच दिसत नाही. हे ओळखून स्वतःच्या अधिकाराला असा बांध घालणारी माणसं मी फार थोडी पाहिली.

‘जास्त’ या शब्दाचा त्यांना राग होता. ‘‘इथे अपटेक (रेणू शोषला जाणं) जास्त आहे,’’ म्हटलं की लगेच प्रश्न यायचा, ‘‘कशापेक्षा?’’ रक्तापेक्षा, यकृतापेक्षा, की कानाखालच्या लाळग्रंथीपेक्षा? पेशंटच्या शरीरातच ही मोजपट्टी असते, ती सोडून डोळ्याच्या अंदाजावर जाऊ नका, असं त्यांचं सांगणं. पुढे 2018 मध्ये ‘प्रॉमिस’ नावाची पद्धत प्रसिद्ध झाली. तिच्यात रक्त, यकृत आणि लाळग्रंथी याच तीन पायऱ्या धरून गुण द्यायचे ठरले. तो लेख वाचताना मला मॅडमचा आवाजच ऐकू येत होता.

पोटात महाधमनीच्या कडेला मज्जातंतूंचे पुंजके असतात. पीएसएमएला चिकटणारा तो रेणू त्यांच्यातही उतरतो आणि नवख्याला ती कॅन्सरची लिम्फ नोड वाटते. मॅडम माउस माझ्या हातात द्यायच्या आणि सीटीचा एकेक काप वरखाली करायला लावायच्या. नोड गोल किंवा लांबट गोल असते. पुंजका पट्टीसारखा पसरट, कधी थेंबासारखा, आणि बहुधा दोन्ही बाजूंना. एका तासात हे कळतं, पण प्रत्येक वेळी न कंटाळता तपासायची सवय अंगी बाणायला वर्षं जातात.

एकाच स्कॅनवर वेगवेगळ्या वाचणाऱ्यांचं किती जुळतं, हे मोजता येतं. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेल्या ‘कप्पा’त निव्वळ योगायोगाने जुळलेलं वजा करतात; पूर्ण जुळलं तर 1, योगायोगाइतकंच जुळलं तर 0. पीएसएमए पेटबद्दल 2017 मध्ये एक आंतरराष्ट्रीय अभ्यास आला. त्यात 16 वाचकांनी 50 पेशंटचे स्कॅन वाचले. हाडांच्या बाबतीत कप्पा 0.88 आला, पण खुद्द प्रोस्टेटच्या जागी 0.62च. अनुभवी वाचकांचं जास्त जुळलं, आणि नवख्याने आधी निदान 30 केसेसवर हात बसवावा, अशी शिफारस झाली. प्रोस्टेटच्या एमआरआयसाठी पाय-रॅड्सची 1 ते 5 गुणांची पट्टी आहे. तिथेही मुरलेल्या तज्ज्ञांचं एकमत मध्यमच भरतं.

हे आकडे कोरडे वाटू देऊ नका. रोग प्रोस्टेटपुरता असेल तर शस्त्रक्रियेने किंवा रेडिएशनने तो मुळासकट काढायची उमेद असते. हाडात गेला असेल तर औषधांनी आटोक्यात ठेवण्याची भाषा सुरू होते. बरगडीवरच्या एका ठिपक्यावर हे सगळं ठरू शकतं.

साताऱ्याकडचे एक निवृत्त एसटी ड्रायव्हर आले होते, त्यांच्या बरगडीवर असाच एक फिकट ठिपका होता. माझ्या कागदावर ‘संशयास्पद’, मॅडमच्या कागदावर ‘बहुधा निरुपद्रवी’. त्यांनी आपलं मत वरचढ ठरवलं नाही. काकांना आत बोलावून खुर्ची दिली आणि विचारलं, ‘‘काका, कधी पडला होतात का? छातीला मार?’’ काकांना आठवेना. मुलाला आठवलं. माळ्यावरून पडले होते, तेव्हा सीटी काढला होता. दुसऱ्या दिवशी तो पिशवीत गुंडाळलेली सीडी घेऊन हजर. त्याच बरगडीला, त्याच जागी, तेव्हा फ्रॅक्चर झालेलं होतं. रिपोर्टमध्ये हाडाचा रोग लिहिला गेला नाही आणि काकांची शस्त्रक्रिया झाली.

मॅडम आता निवृत्त आहेत. मी पैशाने, मानाने त्यांचं काही फेडू शकेन असं नाही, आणि त्यांना ते चालणारही नाही. माझ्या खोलीत आज दोन कागदांची रीत चालू आहे. माझा कागद कीबोर्डखाली असतो, आणि कालच्या रेसिडेन्ट पोरीचं मत माझ्याविरुद्ध गेलं तर आम्ही दोघं पुन्हा पहिल्या कापापासून बघतो.

सीडी आणणाऱ्या त्या मुलाचंही ऋण आहेच, म्हणून हा लेख वाचणाऱ्यांना एक विनंती. घरात कुणाचेही जुने स्कॅन असतील तर त्यांच्या सीडी टाकून देऊ नका. नव्या स्कॅनला येताना नुसता रिपोर्टचा कागद आणू नका, सीडीही आणा, आणि कधी पडझड, ऑपरेशन, मार झाला असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा.