रात्री साडेआठची गाणी

आमच्या गिरगावच्या बिऱ्हाडात दादांचा एक जुना रेडिओ होता. २४ डिसेंबरला रात्री साडेआठला दादा भरले ताट तसेच ठेवून त्याच्या खुंट्या पिळीत बसत. बीबीसीच्या खरखरीतून एका पोराचा कोवळा गळा उमटला, की म्हणत, "लागलं बरं का!" नाताळशी आमचा संबंध शेजारून येणाऱ्या केकपुरताच, पण ही गाणी कधी चुकली नाहीत.

ती जिथून येत, ते केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचे चॅपेल पाहण्याचा योग मला २०१५ साली आला. दादांना जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती. सकाळपासून रांगेत उभा राहून बोटे बधिर झाली. पण आत शिरलो आणि १५१५ साली पुरे झालेले ते पंख्यासारखे उलगडणारे दगडी छत पाहून थंडी विसरलो.

कार्यक्रम तसा साधा. बायबलातले नऊ पाठ आणि मधूनमधून गाणी. पहिला पाठ गायकवृंदातला एक मुलगा वाचतो, शेवटचा कॉलेजचे प्रमुख. १९८३ पासून दरसाल एक नवे गाणे मुद्दाम रचवून घेतात. पण सुरुवातीचे गाणे १९१९ पासून तेच. ते एकट्याने उचलायचे कोणी, हे मात्र आधी सांगत नाहीत! काही मुले तयारीत असतात. ऐन वेळी संचालक एकाला खूण करतात. पोराने आदली रात्र धास्तीत काढू नये, म्हणून ही युक्ती.

ही प्रथा इथे १९१८ साली, पहिले महायुद्ध थांबल्यावर दीड महिन्याच्या आतच सुरू झाली. सुरू करणारे एरिक मिल्नर-व्हाइट स्वतः सैन्यात धर्मोपदेशक होते. बीबीसीने ती १९२८ साली प्रथम ऐकवली, आणि १९३० चा अपवाद सोडला तर पुढे खंड पडला नाही. दुसऱ्या महायुद्धात खिडक्यांच्या जुन्या रंगीत काचा काढून ठेवलेल्या, आत ऊब नाही, सुरक्षिततेसाठी जागेचे नावही सांगायचे नाही. तरी गाणी झालीच.

दुपारचे तीन वाजले. मनगटावरचे घड्याळ मी मुंबईच्याच वेळेवर ठेवले होते. त्यात साडेआठ झाले आणि तो गळा उमटला. मागोमाग मिल्नर-व्हाइट यांनीच रचलेली प्रार्थना झाली. तिच्यात पैलतीरी गेलेल्यांचीही आठवण काढतात. रेडिओच्या खरखरीत हे शब्द मला कधी नीट ऐकू आले नव्हते. दादांना आले असतील का?

"लागलं बरं का," मी हळूच म्हटले.