पाहुणा गडी

आमच्या घरी सोंगट्यांचा एक कापडी पट होता. फुलीच्या आकाराचा, कडा विरलेल्या, एका बाहीवर कसलातरी तेलकट डाग. आजी कवड्या खुळखुळवून टाकायची आणि तिची सोंगटी फिरत फिरत मधल्या घरात पोचली की म्हणायची, "पिकली गं बाई!" घराच्या तोंडाशी आलेली सोंगटी मेली, तर मात्र त्या दिवशीच्या चहाला चव नसायची.

पुढे कितीतरी वर्षांनी बेसबॉल मला कळला, तो या पटामुळे. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला हा खेळ आधी अंगावरच येतो. बॅट मुसळासारखी गोल, चेंडूला टप्पा नाही, आणि तीन तास खेळून धावा दोन. पण एकदा सोंगटीचं रूप डोळ्यांसमोर आलं आणि सगळं जागच्या जागी बसलं. गडी निघतो तो होम प्लेटपासून. पहिला बेस, दुसरा, तिसरा, आणि परत होम. निघालो तिथंच सुखरूप आलो की एक धाव. त्या होम प्लेटचा आकारही गंमतीचा आहे, पाच कोनांचा. लहान मूल पाटीवर घर काढतं, तसा. आणि तिच्यापासून १८.४४ मीटरवर, आपल्या बावीस यार्डांहून थोडं अलीकडे, उंचवट्यावर पिचर उभा. दुसऱ्याला घरी येऊ द्यायचं नाही, हेच त्याचं काम.

हे काम स्वतःच्या घरापासून हजारो मैल लांब जाऊन करणारा एक माणूस होता. जो स्टँका.

१९३१चा जन्म, ओक्लाहोमामधल्या हॅमन नावाच्या लहानशा गावचा. उंची साडेसहा फुटांना एक इंच कमी. पन्नासचं जवळजवळ सगळं दशक त्यानं मायनर लीगमध्ये काढलं. मायनर लीग म्हणजे आपल्याकडची बदली कामगारांची रांग समजा: रोज हजेरी लावायची, आज नाव पुकारतील या आशेवर उभं राहायचं. स्टँकाचं नाव पुकारलं गेलं १९५९च्या सप्टेंबरात. शिकागो व्हाइट सॉक्सनं त्याला वर घेतलं. त्याच वर्षी त्या संघानं चाळीस वर्षांनी लीग जिंकली, म्हणजे शहरात दिवाळी चालू होती. स्टँकाच्या वाट्याला आले दोन सामने आणि एक विजय. अमेरिकेतली त्याची मोठ्या लीगची कारकीर्द एवढीच. पराभवाच्या खान्यात शून्य आहे. पुस्तकात पाहिलं तर अजिंक्यच म्हणायचं त्याला!

पुढच्या वर्षी, १९६० साली, तो ओसाकाला गेला. नानकाई हॉक्स हा त्याचा संघ. नानकाई ही एक रेल्वे कंपनी. जपानमध्ये बेसबॉलचे संघ शहरांचे कमी आणि कंपन्यांचे जास्त. ओसाकाच्या परिसरात तर हानशिन, हानक्यू, किन्तेत्सू, नानकाई अशा चार रेल्वेंचे चार संघ होते. हॉक्सचं मैदान नांबा स्थानकाला लागूनच होतं. पाय ठेवायला जागा नसलेल्या वस्तीत कोंबून बसवलेलं, त्यामुळे प्रेक्षकांच्या पायऱ्या घाटाच्या चढासारख्या उभ्या. वरच्या ओळीतल्या माणसाला पिचरच्या टोपीचा माथा दिसत असणार.

परदेशी खेळाडूला जपानी क्रीडापत्रकार 'सुकेत्तो' म्हणतात. मदतीला बोलावलेला माणूस. जुना शब्द आहे. हाणामारीत किंवा सूड घेताना दुसऱ्याच्या बाजूनं तलवार उपसणाऱ्यासाठी वापरला जायचा. मराठीत कबड्डी-खोखोवाल्यांनी हा शब्द ऐकला असता तर त्यांनी त्याचा 'पाहुणा गडी' केला असता, असं मला वाटतं. पाहुण्या गड्याचा मान मोठा, जेवण चांगलं, पण सामना संपला की त्यानं एसटी पकडायची. कौतुक आणि अंतर दोन्ही त्या एका शब्दात आहे.

स्टँकाचे चेंडू झेलायला समोर बसायचा कात्सुया नोमुरा. पुढे जपानी बेसबॉलमधला फार मोठा माणूस झाला. फलंदाजाच्या कानाशी लागून काहीबाही पुटपुटायचं आणि त्याचं चित्त विचलित करायचं, ही त्याची खोड प्रसिद्ध होती. कॅचरला जपानीत लाडानं पिचरची 'बायको' म्हणतात. तो सांभाळून घेतो, समजूत काढतो, डोकं तापलं की उठून जवळ येतो. या दोघांमध्ये धड एक भाषा नव्हती. पण कॅचर दोन मांड्यांच्या मधे बोटं नाचवतो, पिचर मान हलवतो, हो किंवा नाही. मला तर हा संसार पुष्कळ संसारांपेक्षा बरा वाटतो.

आता एका चेंडूकडे येतो.

२९ ऑक्टोबर १९६१. जपान सिरीजचा, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधल्या लढतीचा, चौथा सामना, टोक्योचं कोराकुएन मैदान. समोर योमिउरी जायंट्स, सगळ्या देशाचा लाडका संघ. नववी आणि शेवटची खेळी, नानकाई ३-२नं पुढे, स्टँका गोलंदाजीला आलेला. दोन बाद झाले. मग एक सोपा, अगदी शाळकरी झेल पहिल्या बेसवर सुटला. त्यानंतर जमिनीवरून आलेला एक चेंडू तिसऱ्या बेसवर निसटला. सामना दोनदा संपायला हवा होता, दोन्ही वेळा संपला नाही, आणि तिन्ही बेस भरले. तीन सोंगट्या घराच्या वाटेवर.

बॅट घेऊन आला मियामोतो. हा हवाईत जन्मलेला, जपानी आईबापांचा मुलगा, म्हणजे जन्मानं स्टँकाच्याच देशाचा. टोक्योच्या मैदानात निर्णायक क्षणी समोरासमोर उभे होते ते हे दोघे.

दोन स्ट्राइक झाले होते. स्टँकानं चेंडू टाकला. नोमुरानं तो घेतला आणि झालं म्हणून तो उठलाच. स्ट्राइक, तिसरा, सामना खलास. पण पंच एन्जोजी म्हणाले, बॉल. म्हणजे स्ट्राइक नाही, खेळ चालू.

नंतर लोकांनी बरीच कारणं शोधली. नोमुरा उठण्याची घाई करून बसला, पंचांना नीट दिसलंच नाही, असं एक सांगतात. चेंडू शेवटी खाली गेला होता, असंही. मी त्यात पडत नाही. आम्ही वाडीत टेनिस बॉलनं खेळायचो तेव्हा अंपायर बॅटिंगवाल्यांचाच असायचा, त्यामुळे न्याय या गोष्टीविषयी माझ्या अपेक्षा पहिल्यापासून माफक आहेत. पुढच्या चेंडूवर मियामोतोनं फटका मारला, दोन गडी घरी आले, जायंट्स ४-३नं जिंकले. यजमान संघाला अखेरच्या क्षणी जिंकून देणाऱ्या अशा फटक्याला जपानी लोक 'सायोनारा' म्हणतात. किती सभ्य शब्द, आणि किती क्रूर.

फेक घराकडे येणार म्हणून स्टँका पिचरच्या रिवाजाप्रमाणे होम प्लेटच्या मागे धावला होता. धावता धावता त्याचा खांदा एन्जोजींना बसला. चुकून बसला असं कोणीही म्हणत नाही.

त्या चेंडूवर कुणा अनामिकानं सतरा मात्रांची कविता केली. जपानी रिवाजाप्रमाणे तिच्यात ऋतूही आहे. साठ वर्षं झाली तरी बेसबॉलच्या जुन्या भक्तांना ती तोंडपाठ असते. गंमत अशी की त्या कवितेत पंचांचं आडनाव आहे, स्टँकाचं नाही. चेंडू त्याचा होता, तक्रार मात्र आपल्या माणसाची आपल्या माणसाशी. पाहुण्याचा अपमान झाला की घरातलीच माणसं एकमेकांशी भांडतात आणि पाहुणा कपबशी हातात धरून मधे बसलेला असतो, तशातला प्रकार.

मग १९६४ आलं. त्या वर्षी स्टँकानं २६ सामने जिंकले, ७ हरला, आणि पॅसिफिक लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. नानकाईनं लीग जिंकली. दुसऱ्या लीगमधून वर आला हानशिन टायगर्स, म्हणजे शेजारचीच रेल्वे. टायगर्सकडेही एक पाहुणा गडी होता: लुइझियानाचा जीन बॅकी. अमेरिकेच्या मोठ्या लीगनं त्याला दोन सामनेही दिले नव्हते, एकही नाही. इथे त्यानं त्या वर्षी २९ सामने जिंकले आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा सावामुरा पुरस्कार मिळवला, जो त्याआधी एकाही परदेशी माणसाला मिळाला नव्हता.

सगळी घाई होती ऑलिंपिकची. १० ऑक्टोबरला टोक्यो ऑलिंपिकचं उद्घाटन, त्याआधी बेसबॉल आटपायचा असं ठरलेलं. जपान सिरीज १ ऑक्टोबरला सुरू झाली. त्याच दिवशी टोक्यो आणि ओसाकामध्ये पहिली शिन्कान्सेन धावली. देशाचे डोळे त्या पांढऱ्यानिळ्या गाडीवर, आणि इकडे दोन जुन्या रेल्वेंचे संघ एकमेकांत झुंजताहेत. पहिला सामना स्टँकानं प्रतिस्पर्ध्याला एकही धाव न देता जिंकला. पुढे पारडं वरखाली होत टायगर्स ३-२नं पुढे गेले. मधे पाऊस पडला आणि वेळापत्रक घसरलं.

९ ऑक्टोबर, कोशिएन मैदान, सहावा सामना. स्टँकासमोर बॅकी. ओक्लाहोमाचा एक आणि लुइझियानाचा एक, ओसाकाच्या दोन रेल्वे कंपन्यांसाठी. स्टँकानं पुन्हा शून्यावर रोखलं, नानकाई ४-०. बरोबरी झाली.

पिचरनं एकदा पूर्ण सामना टाकला की तो काही दिवस हात उचलत नाही. आज तर शंभर चेंडूंच्या आसपास आला की त्याला काचेच्या भांड्यासारखा बाजूला ठेवतात. प्रशिक्षक त्सुरुओकांनी दुसऱ्या दिवशी सातव्या, शेवटच्या सामन्याला परत स्टँकालाच उभं केलं. त्या दुपारी टोक्योत ऑलिंपिकची ज्योत पेटली होती, घराघरांत लोक टीव्हीसमोर होते. कोशिएनसारख्या अवाढव्य मैदानात संध्याकाळी माणसं जमली ती पंधरा हजारांच्या आसपास. बहुतेक पायऱ्या रिकाम्या. त्या अर्ध्या सुन्न मैदानात स्टँकानं नऊ खेळ्या टाकल्या आणि टायगर्सचा एकही गडी घरी पोचू दिला नाही. ३-०. एका सिरीजमध्ये तीन विजय, तिन्ही शून्याचे, शेवटचे दोन लागोपाठच्या दिवशी. सिरीजचा मानकरी तोच.

आणि देशभर चर्चा कशाची, तर ऑलिंपिकच्या संचलनाची. मला या माणसाच्या नशिबाचं कधीकधी हसू येतं. अमेरिकेत संघ जिंकला तेव्हा तो नुकताच दारात आलेला. जपानमध्ये जिंकवलं तेव्हा सगळी आळी दुसऱ्या लग्नाला गेलेली.

त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी एक गोष्ट घडली. नानकाईनं शिकायला म्हणून अमेरिकेला पाठवलेला मासानोरी मुराकामी नावाचा डावखुरा मुलगा १ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये सॅन फ्रान्सिस्को जायंट्सकडून पिचिंगला उतरला. विशीचा. मोठ्या लीगमध्ये खेळलेला पहिला जपानी. म्हणजे एकाच संघाचा अमेरिकन ओसाकात आणि जपानी अमेरिकेत. मुलगा चांगला निघाला, तेव्हा जायंट्स म्हणाले आमचा, नानकाई म्हणालं आमचा. महिनोन्महिने वाद. शेवटी १९६५चा मोसम तिकडे खेळून तो परत आला, आणि दोन्ही देशांच्या क्लबांनी एकमेकांच्या खेळाडूंना हात न लावण्याचं ठरवलं. नोमो १९९५ साली अमेरिकेत उतरेपर्यंत ती वाट तीस वर्षं बंदच राहिली. स्टँकाबद्दल असा वाद कोणी घातला नाही. त्याला परत मागणारं तिकडे कोणी नव्हतं.

१९६५ साली त्याचा थोरला मुलगा घरातल्या न्हाणीघरात गॅसच्या अपघातात गेला. पंधरा वर्षांचा. यावर लिहिण्यासारखं माझ्याजवळ काही नाही.

स्टँका कुटुंबाला घेऊन अमेरिकेला परतला, आणि १९६६मध्ये पुन्हा जपानला आला, या वेळी ताइयो व्हेल्सकडे. ६ जिंकले, १३ हरले. ते शेवटचं वर्ष. जपानमधले एकूण विजय भरले बरोबर १००. बॅकीचेही, पुढे, बरोबर १००च झाले. १९६८मध्ये मैदानावरच्या एका हाणामारीत त्यानं योमिउरी जायंट्सच्या एका प्रशिक्षकाला ठोसा मारला, स्वतःचा अंगठा मोडून घेतला आणि त्यानंतर त्याचा चेंडू पूर्वीसारखा वळला नाही. दोन पाहुणे, शंभर आणि शंभर. कोणीतरी शगुनाच्या पाकिटातला एक रुपया काढून घेतल्यासारखं वाटतं.

स्टँका २०१८ साली गेला, ८७व्या वर्षी, अमेरिकेत. नानकाई हॉक्स त्याच्या तीस वर्षं आधीच गेले होते. १९८८मध्ये रेल्वेनं संघ विकला, तो फुकुओकाला गेला, आणि नांब्याचं मैदान ओस पडलं. पुढे पाडापाडी झाली. आज तिथं नांबा पार्क्स नावाचं प्रचंड दुकानसंकुल आहे आणि त्याच्या दुसऱ्या मजल्यावर, फरशीत, होम प्लेट आणि पिचर्स प्लेटच्या खुणा बसवल्या आहेत. मी ओसाकाला गेलेलो नाही. फोटो पाहिला आहे.

पण मला त्याहून आवडतो तो मधल्या वर्षांतला फोटो. संघ गेला होता, मैदान अजून पाडायचं होतं, आणि मोकळी जागा भाड्यानं दिली होती घरं बांधणाऱ्या कंपन्यांना. त्यांनी मैदानात नमुन्याची घरं उभी केली. दुमजली, कौलारू, पुढे टीचभर बाग, खिडक्यांना पडदे. चारी बाजूंनी त्या उभ्या चढाच्या रिकाम्या पायऱ्या, आणि खाली, जिथं गडी धावायचे तिथं, घरंच घरं. लोक यायचे, बूट काढून आत जायचे, स्वयंपाकघराचे खण उघडून बघायचे, न्हाणीघरात डोकावायचे, माहितीपत्रक घ्यायचे आणि संध्याकाळी नांब्याहून आपापली गाडी पकडायचे.