सुझुका, सदतिसावा लॅप

2006 साली आमच्या होस्टेलमध्ये दोन पक्ष होते, शूमाकर आणि अलोन्सो. शूमाकरवाले बहुमतात. अलोन्सोवाले मोजून सहा, पण आवाज साठ जणांचा. अस्मादिक पहिल्या पक्षात, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला. आज त्याच शाखेत शिकवतो. इंजिनाचा कट-सेक्शन दाखवताना दरवर्षी सुझुकाचा किस्सा सुरू करतो आणि निम्म्यातच तास संपतो. या वर्षी मासिकवाल्या पोरांनी लेख मागितला, म्हणून म्हटलं एकदाचा पुरता सांगून टाकू.

ज्यांना फॉर्म्युला वन म्हणजे नुसता डासांसारखा आवाज वाटतो त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. त्या वर्षी एकूण 18 शर्यती होत्या. पहिल्याला 10 गुण, दुसऱ्याला 8, तिसऱ्याला 6, आणि आठव्यापर्यंत काही ना काही. जूनमध्ये कॅनडाची शर्यत संपली तेव्हा रेनोचा अलोन्सो 84 वर होता, फेरारीचा शूमाकर 59 वर. पंचवीस गुणांची आघाडी! विषय संपला असं सगळे म्हणत होते. आणि मग शूमाकर सुटला. सप्टेंबरात मोंझाला तो जिंकला आणि नेमकं तिथेच अलोन्सोचं इंजिन गेलं. त्याच दिवशी शूमाकरने हंगामाअखेर निवृत्त होणार असल्याचं जाहीर केलं. 1 ऑक्टोबरला शांघायलाही तोच जिंकला, अलोन्सो दुसरा. दोघांचे गुण 116-116. शर्यती उरल्या दोन. सात वेळच्या विश्वविजेत्याला जाता जाता आठवं विजेतेपद मिळणार की नाही, याचा निकाल जपानमधल्या सुझुकाला आणि ब्राझीलमधल्या इंटरलागोसला लागायचा होता.

सुझुकाची शर्यत 8 ऑक्टोबरच्या रविवारी, आपल्याकडे सकाळी साडेदहाला. रविवारी दहाच्या आत न उठणारी मंडळी आंघोळ करून कॉमन रूममध्ये हजर होती, यावरून प्रसंगाचं गांभीर्य ओळखावं. टीव्हीला अधूनमधून थोबाडीत मारावी लागे, त्यासाठी एकाची खास नेमणूक झालेली. सुरुवातीला मासा पुढे होता, तोही फेरारीचाच. त्याने तिसऱ्या लॅपला शूमाकरला वाट दिली. अलोन्सो पाचव्या जागेवरून निघून टोयोटाच्या दोन गाड्या मागे टाकत दुसरा आला. पण शूमाकर काही सेकंदांची आघाडी नीट सांभाळून होता. एकूण 53 लॅप. छत्तिसाव्याला त्याने दुसरा पिट स्टॉप उरकला, अजूनही पुढेच. आमच्या पक्षाने विजयाच्या घोषणा द्यायला सुरुवात केली.

सदतिसाव्या लॅपला लाल गाडीच्या मागून पांढरा धूर निघाला.

कॉमन रूममध्ये इतकी शांतता मी फक्त अप्लाइड मेकॅनिक्सच्या पेपरला अनुभवली होती. अलोन्सोवाले सहाजणसुद्धा क्षणभर ओरडायचे विसरले. गाडी हळूहळू कडेला गेली आणि बाकीच्या गाड्या शेजारून निघून गेल्या.

शर्यतीत शूमाकरचं इंजिन जाण्याची ही 2000 च्या फ्रेंच ग्रां प्रीनंतरची पहिलीच वेळ. सहा वर्षं! आता हे किती अवघड आहे ते आकड्यांत बघा. त्या वर्षीचं इंजिन 2.4 लिटरचं व्ही-8. फिरायचं मिनिटाला 19,000 च्या आसपास. म्हणजे सेकंदाला तीनशेहून जास्त फेरे. फोर स्ट्रोक म्हटल्यावर एका सिलिंडरमध्ये सेकंदाला दीडशेच्या वर स्फोट, आठांचे मिळून बाराशेहून जास्त. नियमाने बोअर जास्तीत जास्त 98 मिमी, त्यावरून स्ट्रोक साधारण 40 मिमी येतो (काढून बघा, लॅबमध्ये ओरलला विचारतो). पिस्टन सेकंदाला सरासरी 25 मीटर धावतो आणि प्रत्येक 40 मिमीनंतर थांबून उलटा फिरतो. शिवाय एकच इंजिन दोन शर्यती टिकलं पाहिजे. आधीच बदललं तर ग्रिडवर दहा जागा मागे. असं इंजिन फुटलं याचं नवल नाही, सहा वर्षं फुटलं नव्हतं याचं आहे.

पण मी हा किस्सा सांगतो तो या आकड्यांसाठी नाही. गाडी सोडून शूमाकर परत आला आणि फेरारीच्या गॅरेजमध्ये शिरला. मेकॅनिक लोक दगडासारखे उभे होते. हा माणूस एकेकाला हात मिळवत, पाठीवर थोपटत गेला. त्या क्षणी आठवं विजेतेपद त्याच्या हातून जवळपास गेलेलं होतं. अलोन्सो जिंकला तर 126-116 होणार आणि शेवटच्या शर्यतीत त्याला एकच गुण पुरणार. झालंही तसंच.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कराडजवळ हायवेला ट्रकचं गॅरेज होतं. मी आठवीत असताना त्यांनी ओव्हरहॉल केलेलं एक इंजिन चौथ्या दिवशी खंबाटकी घाटात सीज झालं. मालक आला आणि भर रस्त्यात, गिऱ्हाइकांसमोर, हाताखालच्या पोरांसमोर, अण्णांना वाट्टेल ते बोलला. अण्णा पाना पुसत उभे राहिले. खोललं तेव्हा बेअरिंगचा शेल फिरलेला निघाला. तो कशाने फिरला याची दोन मतं तेव्हाही होती. पैसे मात्र अण्णांनीच सोसले आणि कितीतरी दिवस नवीन इंजिन हातात घेतलं नाही.

त्या रविवारी संध्याकाळी कॉइन बॉक्सवरून घरी फोन लावला. शर्यतीतलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण इंजिन म्हटल्यावर कान टवकारले.

"रॉड गेला का पिस्टन?"

"ते दाखवलं नाही अण्णा. नुसता धूर."

"आणि ड्रायव्हर मिस्त्र्यांना काय बोलला?"

मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ काहीच आवाज नाही. मी दुसरा रुपया टाकला.

"सगळ्यांना हात दिला? पोरांनासुद्धा?"

"सगळ्यांना."

"मग पुढची रेस कधी आहे म्हणालास?"

पुढची रेस 22 ऑक्टोबरला होती, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, रात्री साडेदहाला. दिवाळीच्या सुट्टीत मी घरीच. एरवी साडेनवाला झोपणारे अण्णा मफलर गुंडाळून टीव्हीसमोर बसले. शूमाकर दहाव्या जागेवरून निघाला, सुरुवातीलाच टायर पंक्चर होऊन थेट शेवटी गेला आणि तिथून एकेकाला गाठत वर चढत राहिला. शेवटच्या काही लॅपमध्ये त्याने रायकोननलाही मागे टाकलं, जो पुढच्या वर्षी फेरारीत त्याची जागा घेणार होता. शेवटी चौथा. मासा जिंकला. अलोन्सो दुसरा येऊन 134 गुणांनी विजेता ठरला, शूमाकर 121 वर राहिला. शांघायचा तो एक्क्याण्णवावा विजय त्याचा शेवटचा ठरला.

मी तोंड पाडून बसलो होतो. अण्णांचं लक्ष अलोन्सोच्या जल्लोषाकडे नव्हतंच. ते शूमाकरची गाडी पिटकडे वळेपर्यंत कान देऊन ऐकत होते.

"इंजिन शेवटपर्यंत धरलं की रे," म्हणाले, आणि दिवा मालवायला उठले.