मालिकेतल्या वाड्याला शेत का नसते?

शेतकी खात्यातल्या माणसाने टीव्हीवर लेख लिहावा याचे तुम्हांला नवल वाटेल. खताच्या मात्रा, बियाण्याचे वाण, फार तर जनावरांचा चारा, एवढेच आम्ही बोलावे अशी लोकांची अपेक्षा असते. पण मी जसा शेतकऱ्याचा मुलगा आणि बी. एस्सी. (अॅग्री.) झालेला विस्तार अधिकारी आहे, तसाच टीव्हीचा जुना शौकीनही आहे. पन्नाशी उलटली तरी संध्याकाळी हातपाय धुऊन पडद्यासमोर बसल्याशिवाय दिवस पुरा झाला असे वाटत नाही. आणि गावोगाव हिंडताना एक पाहिले आहे. कोणाच्या घरी काय पिकते हे जसे रानावरून कळते, तसे घरात काय बोलले जाते हे बऱ्याच वेळा टीव्हीवरून कळते. म्हणून या विषयाला हलका समजू नये.

पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात, "टीव्हीने गाव बिघडवले." मला हे पुरते पटत नाही. आपल्या देशात टीव्ही सुरू झाला १९५९ साली दिल्लीत, आणि १९६७ च्या प्रजासत्ताकदिनी तिथे 'कृषिदर्शन' हा कार्यक्रम आला. म्हणजे रोजच्या मालिका यायच्या कितीतरी आधी या पडद्यावर शेतकरी आला होता. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले. त्यावरचा 'आमची माती, आमची माणसं' तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. त्यातल्या 'गप्पागोष्टी' आणि राजा मयेकरांचे नाना आठवले की आजही हसू येते. शेतीची माहिती देतानाही माणूस गावच्या पारावर बसल्यासारखा बोलू शकतो, हे मी तिथे प्रथम पाहिले. पुढे नोकरीत सभा घेताना त्याचा मला पदवीइतकाच उपयोग झाला.

दाखवणे आणि सांगणे यांत किती फरक असतो, हे एका उदाहरणाने सांगतो. सोयाबीनच्या दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा, असे मी तोंडाने शंभर वेळा सांगितले तरी निम्मे लोक विसरतात. पण कोणी घमेल्यात बी घेऊन, गुळाच्या पाण्यात संवर्धक कालवून, हलक्या हाताने साल न दुखावता कसे चोळायचे ते पडद्यावर दाखवले, की घरातली बाई ते एकदा पाहून जन्मभर लक्षात ठेवते. जुन्या कार्यक्रमांना रंग नव्हता, पण हात स्पष्ट दिसत.

आता मालिकांकडे वळतो. 'हम लोग' ७ जुलै १९८४ ला सुरू झाली, तेव्हा मी शाळेत होतो. गावात टीव्ही एकच, तोही ग्रामपंचायतीचा. हिंदी सगळ्यांना कळत नसे. मग ज्याला कळे तो बाकीच्यांना सांगे, आणि सांगताना पदरचेही थोडे घाली. दारूडा बाप बसेसर राम, सोसणारी आई भागवंती, लग्नाची थोरली मुलगी बडकी, डॉक्टर होऊ पाहणारी छुटकी. घर दिल्लीकडचे, पण प्रत्येकाला आपल्या आळीतले वाटे. भाग संपला की अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी दोन शब्द बोलत. कुटुंब लहान असावे, मुलींना शिकवावे, हे लोकांच्या गळी उतरवावे म्हणूनच ती मालिका आखली होती. आमच्या खात्याच्या भाषेत सांगायचे तर तो विस्ताराचाच कार्यक्रम होता, फक्त गोष्टीच्या रूपात.

पण गंमत पुढेच आहे. मुकाट्याने सोसणाऱ्या बाईची काय दशा होते हे दिसावे, म्हणून लेखकाने भागवंती उभी केली होती. कितीतरी प्रेक्षकांनी मात्र तिलाच आदर्श मानले! बाई असावी तर अशी, असे म्हणू लागले. पेरले एक आणि उगवले दुसरे. म्हणून मी म्हणतो की गोष्टीचा परिणाम होतो यात शंका नाही, पण तो कोणत्या जमिनीत पडते यावर ठरतो. बियाण्याचेही तसेच असते.

'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाले आणि 'महाभारत' २ ऑक्टोबर १९८८ ला. रविवारी सकाळी रानात चिटपाखरू नसे. मोटारी बंद, पाण्याच्या पाळ्या पुढेमागे. काही घरांत टीव्हीला हार घालत. या दोहोंत तुम्हांला कोणते आवडे ते मला ठाऊक नाही, पण माझे मत 'महाभारता'ला. राही मासूम रझांचे संवाद वजनदार होते, आणि विषय तर आपल्या घरचा, भाऊबंदकीचा! सुईच्या टोकावर मावेल एवढीही जमीन देणार नाही, असे दुर्योधन म्हणतो तेव्हा आमच्या चावडीत शांतता पसरली होती. कारण हातभर बांधावरून कोर्टात गेलेले दोघे सख्खे भाऊ तिथेच, दोन वेगवेगळ्या खांबांना टेकून बसले होते. त्या भागाने त्यांचा दावा मिटला असे मी सांगणार नाही, तो आणखी बरीच वर्षे चालला. पण त्या दिवशी घरी जाताना दोघांनीही मान खाली घातली होती, एवढे मी पाहिले.

छोट्या गोष्टींचीही तेव्हा बूज होती. मुंबईला मामाकडे पाहिलेले 'चिमणराव' अजून डोळ्यांपुढे आहेत, दिलीप प्रभावळकरांचे चिमणराव आणि बाळ कर्व्यांचे गुंड्याभाऊ. शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' तशीच. ना मोठा वाडा, ना भारी साड्या, पण माणूस खरा.

पुढे खासगी वाहिन्या आल्या. मालिका आठवड्याची रोजची झाली, आणि गोष्टीची चव बदलली. 'चार दिवस सासूचे' २००१ साली सुरू झाली ती २०१३ पर्यंत चालली. एवढ्या काळात आपल्याकडे बाग लावून, तिचे बहार घेऊन ती काढूनही झाली असती! मी थट्टा करतो खरी, पण आमच्या मातोश्रींनी ती मालिका चुकवली नाही, आणि त्यांच्याबरोबर मीही बरीच पाहिली.

गावावरच्या मालिका आल्या तेव्हा मला फार आनंद झाला. 'तुझ्यात जीव रंगला' २०१६ साली आली. कोल्हापूरची रांगडी बोली, तालीम, लाल माती, साधाभोळा राणादा. आपली भाषा पडद्यावर लाजत नाही, हे पाहून बरे वाटले. 'लागिरं झालं जी'त साताऱ्याकडच्या, फौजेत जाऊ पाहणाऱ्या पोरांची गोष्ट होती. आमच्या भागात घरटी एक फौजी, त्यामुळे ती घरोघर पाहिली गेली. पण हळूहळू या मालिकांतही घरातली कटकारस्थाने वाढली आणि शेत मागे पडले. तेव्हापासून मला एक प्रश्न पडला आहे. मालिकेतल्या या मोठमोठ्या वाड्यांना शेत का नसते? असलेच तर ते फिरायला जाण्यापुरते असते. सोसायटीचे कर्ज भरायची तारीख कोणाच्या तोंडी येत नाही. रात्रीच्या पाळीची वीज आली म्हणून कोणी कंदील-बॅटरी घेऊन विहिरीवर जात नाही. घरात एवढ्या बाया, पण एकीच्याही हातात खुरपे नाही.

हे मी उगाच किरकिर म्हणून सांगत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वी एक विधवा भगिनी ठिबकच्या अनुदानाची चौकशी करायला आली. दीड एकर रान ती स्वतः कसते, पेरणीपासून बाजारापर्यंत सगळे तिच्याच अंगावर. पण सातबारा सासऱ्याच्या नावे, आणि सासरे सही देईनात. कागद पुरा झाल्याशिवाय अर्ज पुढे जाईना. बोलता बोलता ती म्हणाली, "साहेब, त्या मालिकेतल्या सुनेला सगळे छळतात, पण तिला सातबारा कुणी विचारत नाही." वाचकहो, मालिकांवर इतकी नेमकी टीका मी दुसरी ऐकली नाही. शेवटी तिच्या माहेरच्या आणि गावच्या चार मोठ्या माणसांना घेऊन सासऱ्यांशी बोलणे केले, वारसाहक्काने हिस्सा तिच्या नावे लागायला सव्वा वर्ष गेले. यात मालिकेला पुरेल एवढी गोष्ट नाही काय? पत्नीचे नाव सातबाऱ्यावर लावण्यासाठी आपल्या राज्यात १९९२ साली 'लक्ष्मी मुक्ती' योजना निघाली. तिचे नाव किती मालिकांत आले? माझ्या तरी पाहण्यात एकदाही नाही.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यानंतर आम्ही गावोगाव सभा घेतल्या. तोंडाला मास्क, हातांत मोजे, वाऱ्याच्या दिशेकडे पाठ, पोटात काही नसताना फवारू नका, असे घसा कोरडा होईपर्यंत सांगितले. तरुण पोरे हसून म्हणतात, "साहेब, मास्क लावून गडी दिसतोय का?" आता सांगा, लाडक्या नायकाने एकाच प्रसंगात मास्क आणि मोजे घालून पंप पाठीवर घेतला असता, तर माझ्या दहा सभांचे काम एका संध्याकाळी झाले नसते का? पोरे नायकासारखे केस कापतात, मग मोजेही घातले असते.

कारण पडद्यावरचे आपण उचलतोच. आपल्याकडे हळद कशी लागायची? पाच सुवासिनी, जात्याची पूजा, ओव्या. आता हळदीला पिवळे कपडे सगळ्या भावकीला, आदल्या रात्री संगीत, मेंदीला वेगळा मांडव. हे मालिका-सिनेमांतून आले. मुलीने हट्ट धरला म्हणून पीककर्जातले पैसे मांडवाला घातलेला बाप माझ्या माहितीत आहे. त्या वर्षी त्याने उसाला लागणीचे खत दिलेच नाही. पीक जे यायचे ते आले. मुलीचा दोष मी धरत नाही. तिने जे सुंदर म्हणून पाहिले ते मागितले. पण त्या मांडवाचे बिल मालिकेत कोणी भरताना दिसत नाही, हे तिला घरातल्या मोठ्यांनी सांगायला हवे होते.

चांगले काही नाही असे मात्र समजू नका. 'होम मिनिस्टर' २००४ ते २०२२ चालला. पैठणीपेक्षा मला त्यातले एक आवडे: आदेश बांदेकर घरी येऊन वहिनींना त्यांची स्वतःची हकीकत विचारत, आणि त्या बोलत असताना घरातले पुरुष गप्प बसून ऐकत. २०१९ साली 'कौन बनेगा करोडपती'त अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे यांनी एक कोटी रुपये जिंकले. शाळेत मुलांना खिचडी शिजवणाऱ्या बाई, पगार महिना दीड हजार. त्या रात्री आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या मदतनीस बाई दुसऱ्या दिवशी सांगत होत्या, "मला तीन प्रश्नांची उत्तरं येत होती." पाणी फाउंडेशनच्या वॉटर कपची गावे 'तुफान आलंया'मध्ये दाखवत, तेव्हा सलग समतल चर हा आमचा रुक्ष शब्द लहान पोरांच्या तोंडी गेला.

खास शेतकऱ्यांसाठी 'डीडी किसान' ही वाहिनी २०१५ च्या मे महिन्यात सुरू झाली. २०२४ साली तिच्यावर संगणकाने घडवलेले दोन निवेदक आले, एआय कृष आणि एआय भूमी. ते न थकता, अनेक भाषांत माहिती सांगू शकतात, हे चांगलेच आहे. तरी मला नाना आठवले. ज्याच्या हाताला कधी माती लागली नाही, त्याला शेतकरी उलटा प्रश्न कसा विचारणार?

आता तुम्ही विचाराल, मग करावे काय? माझे सांगणे थोडके आहे. पहिले, घरातल्या बाईच्या मालिकेची चेष्टा करू नका. पहाटेपासून राबणाऱ्या त्या माउलीचा तो हक्काचा अर्धा तास असतो. महिला गटाची सभा मी त्या वेळेला कधीच ठेवत नाही, आणि म्हणून माझ्या सभांना बायका येतात. जमल्यास त्या अर्ध्या तासात ताटे पुरुषांनी घ्यावीत. दुसरे, शेतीचा कार्यक्रम एकट्या घरधन्याने पाहू नये. पेरणी, निंदणी, वेचणी जी करते तिने तो आधी पाहावा, आणि हाताशी वही असावी. औषधाचे नाव, प्रमाण, तारीख लिहून ठेवा, आणि फवारण्यापूर्वी ते एकदा सहायक कृषी अधिकाऱ्याला दाखवा. मोबाईलवर आलेल्या चित्रफितींना तर हा नियम दुप्पट लावा. तिसरे, मालिका संपली की मुलांना एकच प्रश्न विचारा, "या घराचं पोट कशावर चालतं?" उत्तर सापडले नाही तर ती करमणूक समजून सोडून द्यावी, तिच्यावरून लग्न ठरवू नये.

आणि शेवटी तुमच्या घरातल्या लिहित्या पोरापोरींना सांगणे आहे. तुमच्यातले कोणी उद्या मुंबईला जाऊन मालिका लिहील. त्याने वाडा खुशाल दाखवावा, सासू-सून दाखवावी, प्रेमही दाखवावे. फक्त त्या वाड्याला थोडे रान द्यावे, आणि त्या रानाच्या सातबाऱ्यावर सुनेचे नाव लागते की नाही, ही गोष्ट शेवटच्या भागापर्यंत न्यावी. मी तरी एकही भाग चुकवणार नाही.