दुपारी बंद

पुण्यात एखाद्या बागेचं काम हाती आलं की मी झाडांच्या यादीआधी तिचं वेळापत्रक मागवते. लँडस्केप आर्किटेक्टला कॉलेजात हे कोणी शिकवत नाही. महापालिकेच्या बहुतेक बागा सकाळी उघडतात, अकराच्या सुमारास बंद होतात, चारनंतर परत उघडतात आणि आठ-साडेआठला कुलूप लागतं. सकाळ ज्येष्ठ नागरिकांची, हास्यक्लबची. संध्याकाळ घसरगुंडीची आणि नातवंडांमागे धावणाऱ्या आजी-आजोबांची. शहरातल्या हजारो विद्यार्थ्यांचा या वेळापत्रकात पत्ताच नाही.

सदाशिव पेठ, नवी पेठ भागात स्पर्धा परीक्षांची मुलं कॉट बेसिसवर राहतात. एका खोलीत चार-पाच कॉट, खाली बॅगा, दारात चपलांचा ढीग आणि ‘मित्रांना आणायचं नाही’ ही घरमालकांची अट. अभ्यासिकेत बोलायची सोय नाही, मेसमध्ये ताट संपलं की उठावं लागतं, कारण मागे रांग असते. परभणीला आईशी दहा मिनिटं निवांत बोलायचं तर रस्त्यावर यावं लागतं. फर्ग्युसनच्या मुलांना निदान पाठीमागे हनुमान टेकडी आहे. पेठेतल्या मुलाने दुपारी जेवून कुठे टेकायचं? नेमकी तेव्हाच बाग बंद.

जंगली महाराज रस्त्यावर, संभाजी उद्यानापाशी दुपारी उभं राहून पाहा. आत गर्द सावली आणि शुकशुकाट. बाहेर काही वर्षांपूर्वी रुंद केलेल्या पदपथावर कॉलेजची मुलंमुली बसलेली, कोणी डबा उघडलेला, कोणी झेरॉक्सचा गठ्ठा मांडीवर घेऊन. पदपथाला फाटक नाही, एवढाच काय तो फरक.

शहरांतल्या सार्वजनिक जागांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या चौकांवर कॅमेरे लावून लोक कुठे बसतात ते टिपलं. बसायला जागा असेल तिथे माणसं बसतात, आणि खुर्ची हलवता आली तर ती इंचभर का होईना, हलवून मगच बसतात. जागा आपली वाटायला तेवढं पुरतं. आपल्याकडे सिमेंटचा बाक जमिनीत पक्का आणि त्याच्या पाठीवर ‘माननीय नगरसेवक यांच्या निधीतून’. भाडेकरू विद्यार्थ्याचं नाव बहुतेकदा गावाकडच्या मतदार यादीत असतं. तेव्हा त्याच्यासाठी कोण कशाला बाक टाकेल?

या मुलांबद्दलच्या रहिवाशांच्या तक्रारी खोट्या नाहीत. बाकाला फासलेला वाढदिवसाचा केक मीही पाहिलाय, आणि रात्री अकराला खिडकीखाली बुलेट फुरफुरली की कोणाचंही डोकं फिरेल. पण ‘ही मुलं आपल्या भागातली नाहीत’ हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. त्यांच्या भाड्यावर आपल्या भागातल्या कितीतरी घरांचे हप्ते फिटतात, मेस आणि झेरॉक्सची दुकानं तर त्यांच्यावरच उभी आहेत.

बागा दुपारी बंद का, असं विचारलं की कारणं तीन मिळतात: झाडांना पाणी, झाडलोट आणि (आवाज खाली आणून) जोडपी. पाणी पहाटे घातलेलं झाडांनाही बरं. झाडलोट एकेका भागाची करता येते. तिसऱ्या कारणावर उपाय माझ्या ड्रॉइंगमध्ये नाही, आणि त्याची गरजही मला वाटत नाही. मी अहवालात फार मागत नाही: एक फाटक, सावलीतला एक कोपरा, पिण्याच्या पाण्याचा नळ, दुपारच्या पाळीला एक रखवालदार. बैठकीत सगळे माना डोलावतात. मग कोणीतरी हमखास विचारतं, “पण मॅडम, त्या वेळेला बागेत येणार कोण?”